आधीच चंचल पोर, त्याला उत्तेजक गोळी?

प्रश्न : आमचा नातू नऊ वर्षांचा आहे, चौथीत शिकतो. आई-वडील मुंबईला नोकरीला, म्हणून तो आमच्याजवळ नाते गावी असतो. वर्गात एका जागी बसत नव्हता, वही अर्धी टाकून उठायचा. दिवाळीच्या सुटीत मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून एडीएचडी असल्याचं सांगितलं आणि मिथाइलफेनिडेटची दिवसभर पुरणारी गोळी रोज सकाळी द्यायला सांगितली. शाळेतली तक्रार कमी झाली. पण दुपारची खिचडी ताटात तशीच राहते असं बाई सांगतात, संध्याकाळी पाचच्या सुमारास उगाच चिडतो, रडतो, आणि रात्री अकरापर्यंत टक्क जागा असतो. शेजारच्या कॉलेजातल्या मुलीकडून खोक्यातला कागद वाचून घेतला, तर त्यात हृदयविकारापासून भास होण्यापर्यंत सगळं छापलेलं. ती म्हणाली, आजी, ही उत्तेजक गोळी आहे. मुळात चंचल असलेल्या पोराला उत्तेजक औषध कसं देतात? त्याची सवय लागेल का? महाडला औषधाच्या दुकानांत विचारलं तर कोणी ही गोळी ठेवत नाही. मग ती चांगली कशी म्हणावी? बंद करू का?
— एक आजी, नाते (ता. महाड)

उत्तर : आजी, रायगडाच्या वाटेवरच्या तुमच्या गावाने चिंतामणराव देशमुखांसारखा हिशेबाचा पक्का माणूस देशाला दिला. तुमचं पत्रही तसंच हिशेबी आहे. काय सुधारलं, काय बिघडलं, ते किती वाजता होतं, सगळं तुम्ही टिपलं आहे. डॉक्टरांना नेमकं हेच हवं असतं. म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. कागद वाचून घाबरून गोळी परस्पर बंद करू नका. पण खिचडी, रडणं आणि झोप या तीन गोष्टी डॉक्टरांना न सांगता दिवस ढकलूही नका. या तिन्हींवर इलाज आहे.

आता मुख्य कोडं. कपाळाच्या मागे मेंदूचा एक भाग असतो. ‘थांब, आधी हातातलं पुरं कर’ असं आपल्याला आतून सांगणं हे त्याचं काम. हे सांगणं पोचतं डोपामाइन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या रसायनांमार्फत. ती मेंदूच्या दोन पेशींमधल्या बारीक फटीत सुटतात आणि थोड्याच वेळात परत शोषली जातात. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, असलेल्या मुलांत हा निरोप पुरेसा ठसठशीत पोचत नाही, असं शास्त्रज्ञ मानतात. मिथाइलफेनिडेट हे परत शोषलं जाणं कमी करतं. भाताच्या खाचराची मोरी अर्धी बुजवली की वरून नवं पाणी न सोडताही खाचरात पाणी टिकून राहतं, तसंच हे. रसायन फटीत जास्त वेळ राहतं आणि निरोप नीट पोचतो. म्हणजे गोळीने जोर मिळतो तो हातापायांना आवरून धरणाऱ्या भागाला. पोर शांत बसतं ते त्यामुळे.

इथे एक समज पक्का रुजलेला आहे : ‘साध्या माणसाला ही गोळी चढते आणि एडीएचडीच्या मुलाला उलटी लागू होते, मूल शांत झालं म्हणजे आजार होता हे सिद्ध झालं.’ हे खरं नाही. 1978 साली अमेरिकेत ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जातीचं एक औषध, डेक्स्ट्रोअ‍ॅम्फेटॅमिन, निरोगी मुलांना थोड्या मात्रेत देऊन पाहिलं. त्यांचीही वळवळ कमी झाली आणि लक्ष वाढलं. तेव्हा गोळी लागू पडली एवढ्यावरून निदान ठरत नाही. निदान होतं ते घरची आणि शाळेची हकीकत विचारून, मूल तपासून. तुमच्या नातवाच्या बाबतीत डॉक्टरांनी आधी तपासलं आणि मग गोळी दिली, हा क्रम बरोबर आहे.

मग त्रास का होतो? ही रसायनं फक्त कपाळामागेच काम करत नाहीत म्हणून. भूक, झोप, नाडीचा वेग, रक्ताचा दाब यांच्यावरही त्यांचा हात असतो. मोरी बुजवली की पाणी सगळ्या खाचरात चढतं. त्यामुळे या गोळीचे नेहमीचे त्रास औषधाच्या घड्याळाप्रमाणे चालतात. औषध अंगात असतं किंवा उतरत असतं तोवर ते दिसतात आणि औषध पुरतं उतरलं की तेही उतरतात. साधी गोळी अर्ध्या-एक तासात लागू होते आणि तीन-चार तास टिकते. दिवसभराची असेल तर आठ ते बारा तास. हे एकदा ध्यानात घेतलं की तुमच्या तिन्ही तक्रारींचा उलगडा होतो.

पहिली तक्रार भुकेची. शाळेत खिचडी वाढतात तेव्हा औषध नेमकं जोरात असतं. पोराला भूक लागल्याचं कळतच नाही. त्याला रागावून किंवा बाईंना समोर बसवून ती खिचडी संपवायला लावण्यात अर्थ नाही. भूक नसलेल्या वेळी जबरदस्ती केली की जेवणाचीच नावड बसते. गोळीच्या आधी पोटभर न्याहारी द्या : भाकरी, अंडं, दूध, घावन, जे त्याला आवडतं ते. दुपारी दोन घास खाल्ले तरी चालतील. संध्याकाळी औषध उतरलं की भूक दणकून लागते, तेव्हा पुरतं जेवण तयार ठेवा आणि झोपण्याआधी पुन्हा काही मागितलं तर नाही म्हणू नका. दिवसभराचं मिळून अन्न पोटात गेल्याशी मतलब. पोट दुखतं म्हणाला तर तेही बहुधा गोळी रिकाम्या पोटी गेल्यामुळे असतं. न्याहारीने तेही बरंच कमी होतं.

दुसरी तक्रार पाच वाजताच्या रडण्याची. याचा अर्थ बहुतेक घरांत उलटा लावला जातो. गोळी डोक्यात चढली म्हणून चिडतोय, असं वाटतं. घड्याळ पाहा : पाच वाजता औषध उतरत असतं. दिवसभर मिळालेला आधार एकदम निघून जातो, त्यात पोटात भूक आणि शाळेचा शिणवटा. म्हणून तासभर मूल आधीपेक्षाही जास्त किरकिरं होतं. त्या तासाला अभ्यासाला बसवू नका. आल्याबरोबर खायला द्या, अंगणात खेळू द्या. रोजच आणि फार होत असेल तर डॉक्टर गोळीची वेळ किंवा प्रकार बदलतात.

याउलट सकाळी दहा-अकराला, म्हणजे औषध जोरात असताना, मूल गप्पगप्प, चेहऱ्यावर हसू नाही, मित्रांत मिसळत नाही असं झालं, तर ती बाब निराळी. त्याचा अर्थ बहुधा मात्रा जास्त होतेय. गोळीने मुलं पुतळ्यासारखी होतात असं लोक म्हणतात, त्याच्या मुळाशी बऱ्याचदा हेच असतं. योग्य मात्रेवर मूल आपलं स्वतःचं राहतं. खोड्या करतं, हसतं, फक्त हातातलं काम पुरं करतं. बाईंना हे मुद्दाम विचारा. ते तास मूल त्यांच्या डोळ्यांसमोर असतं, तुमच्या नाही.

तिसरी तक्रार झोपेची. इथे आधी एक गोष्ट आठवून पाहा : गोळी सुरू होण्यापूर्वी तो किती वाजता झोपायचा? एडीएचडीच्या पुष्कळ मुलांना औषधाविनाही झोप उशिरा लागते, आणि मग सगळा दोष गोळीवर येतो. उशीर नवा असेल तर गोळी सकाळी जितक्या लवकर देता येईल तितकी द्या. उशिरा उठलेल्या दिवशी दुपारी दिलेली गोळी रात्र खाते; अशा दिवशी ती सोडून दिलेली बरी. दुपारनंतरचा चहा बंद करा. आपल्याकडे पोरांनाही बशीभर चहा मिळतो आणि चहातलं कॅफिन हेही उत्तेजकच आहे. रात्रीचा मोबाइलही काढून घ्या. एवढं करूनही झोप येत नसेल तर दिवसभराच्या गोळीऐवजी कमी तास टिकणारी गोळी देता येते.

आता कागदावरची यादी. औषधाच्या चाचण्यांत आणि पुढे वापरात जे जे काही नोंदलं गेलं ते कंपनीला छापावं लागतं. चाचणीत काही मुलांना बिनऔषधाची, नुसती दिसायला तशीच गोळी दिलेली असते. डोकं आणि पोट त्या मुलांचंही दुखतं, थोडं कमी इतकंच. म्हणून यादी वाचताना किती जणांना होतं हे पाहायचं. भूक मंदावणं आणि झोप लांबणं वारंवार दिसतं. डोकेदुखी, पोटदुखी, चिडचिड बऱ्याच जणांना सुरुवातीच्या आठवड्यांत होते आणि पुष्कळदा आपोआप ओसरते. बाकीचं क्वचित किंवा अति क्वचित.

उंचीची काळजी तुम्ही विचारली नाहीत, पण मी सांगतो, कारण ती खरी आहे. अमेरिकेत 579 मुलांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, सतत गोळी घेणाऱ्या मुलांची उंची तीन वर्षांत न घेणाऱ्यांपेक्षा साधारण दोन सेंटीमीटर कमी भरली. मूल खुजं होत नाही, पण वाढीची गती थोडी मंदावते. म्हणून दर सहा महिन्यांनी उंची-वजन मोजून लिहून ठेवायचं. त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा मोजून घ्या, नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्रात. वजन सलग उतरत असेल तर डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा मे महिन्याच्या सुटीत गोळी थांबवतात. मात्र सुटीतली विश्रांती त्यांनीच ठरवायची.

हृदयाबद्दल. गोळीने नाडीचे मिनिटाला थोडे ठोके जास्त पडतात आणि रक्तदाब किंचित चढतो. निरोगी मुलाला त्याचा त्रास जाणवत नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बारा लाखांहून अधिक मुलं आणि तरुण यांच्या नोंदी तपासल्या होत्या. अशा औषधांमुळे हृदयाच्या गंभीर घटना वाढल्याचं त्यात आढळलं नाही. हा दिलासा निरोगी हृदयाचा आहे. मुलाच्या हृदयाला जन्मापासून छिद्र असेल, संधिवाताच्या तापाने झडप खराब झाली असेल, धावताना कधी चक्कर येऊन पडला असेल, किंवा घराण्यात कुणी तरुणपणीच अचानक गेलं असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नसलं तरी तुम्ही आपणहून सांगा. ते ईसीजी काढून मग ठरवतील. घराण्याची जुनी हकीकत मुंबईतल्या आई-वडिलांपेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक असणार. पावसाळ्यात सर्दीसाठी आणलेल्या औषधांत नाक मोकळं करणारा फिनाइलेफ्रिनसारखा घटक असतो आणि तोही रक्तदाब चढवतो. म्हणून सर्दीचं औषध घेतानाही ही गोळी चालू असल्याचं सांगायचं.

भास होणं, नसलेलं दिसणं-ऐकू येणं, हे होऊ शकतं पण फार विरळा. 13 ते 25 वयोगटातल्या, नव्याने अशी औषधं सुरू केलेल्यांवरचा एक अभ्यास 2019 मध्ये आला. त्यात सुमारे 660 जणांत एकाला असा त्रास झाला, आणि मिथाइलफेनिडेट घेणाऱ्यांत तो अ‍ॅम्फेटॅमिन घेणाऱ्यांच्या जवळपास निम्मा होता. मोबाइलवर वाचलेल्या पुष्कळ भयकथा अ‍ॅम्फेटॅमिनच्या असतात. परदेशातले आपले नातेवाईक सांगतात ती अ‍ॅडरॉल हीच. आपल्याकडे डॉक्टर लिहून देतात ती मिथाइलफेनिडेट, आणि दोन्हींचे त्रास एकाच मापाने मोजू नयेत. तिकडून कुणी ‘आमच्याकडची चांगली गोळी’ पाठवू म्हणालं तर नको म्हणा. भारतात ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते.

तरी काही लक्षणं अशी आहेत की त्यांना घड्याळ लावत बसायचं नाही. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, धाप लागणं. भास होणं, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा. बोटं पांढरी किंवा निळी पडून दुखणं. आणि मुलाच्या लिंगाला तासन्‌तास राहणारा, दुखणारा ताठरपणा. हे शेवटचं मुलं लाजेने लपवतात, म्हणून आजोबांनी त्याला एकदा सहज सांगून ठेवावं. यातलं काहीही झालं, किंवा चुकून जास्त गोळ्या पोटात गेल्या, तर पुढची गोळी न देता सरळ महाडचं रुग्णालय गाठा, आणि गोळ्यांचं पाकीट बरोबर न्या. डोळे मिचकावणं, मान झटकणं असे झटके नव्याने दिसले तर तेही कळवा, पण त्यासाठी रात्री गाडी करून धावायला नको.

सवयीचं म्हणाल, तर डॉक्टरांच्या मात्रेत, तोंडाने घेतलेली गोळी रक्तात हळूहळू चढते. नशेसाठी लागणारी झिंग तिने येत नाही. लहानपणी हे औषध घेतल्यामुळे पुढे व्यसन लागण्याचा धोका वाढतो, असंही दीर्घकाळच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. गैरवापर मात्र होतो : मोठी मुलं जास्त गोळ्या घेतात, पूड करून ओढतात. म्हणून डबी तुमच्या ताब्यात, कपाटात कुलपात, आणि गोळी तुमच्या हाताने. दिवसभराची गोळी फोडून किंवा कुटून देऊ नका. तसं केलं तर बारा तासांचं औषध एकदम अंगात उतरतं.

महाडच्या दुकानदारांचा नकारही यातूनच आलेला आहे. 1945 च्या औषध नियमांत मिथाइलफेनिडेट ‘परिशिष्ट एक्स’मध्ये येतं. ते विकायला वेगळा परवाना लागतो, साठा कुलपात ठेवावा लागतो. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत असावी लागते आणि त्यातली एक दुकानदाराला दोन वर्षं जपावी लागते. वर्षाकाठी दोन-चार गिऱ्हाइकांसाठी तालुक्याच्या दुकानदाराला हे परवडत नाही. औषध वाईट असल्याची ही खूण नाही. ते चुकीच्या हाती जाऊ नये यासाठीची व्यवस्था आहे. फोनवर तपासून हे औषध लिहून देता येत नाही, 2020 च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांत तशी मनाई आहे. मात्र चालू औषधाच्या त्रासाबद्दल फोनवर डॉक्टरांशी बोलायला कुणाची ना नाही.

याचा अर्थ तुमच्यासाठी एवढाच, की साठ्याचा विचार आधी करावा लागतो. जुलैत सावित्री नदी चढली की महाडची बाजारपेठ पाण्यात जाते. 2021 चा जुलै तुम्ही विसरला नसाल. वरंध घाटही पावसाळ्यात कधी बंद होईल सांगता येत नाही. तेव्हा मेअखेरीस मुंबईला जाऊन पावसाळ्याची सोय कशी करायची ते डॉक्टरांना विचारून घ्या. तरीही गोळ्या संपल्याच तर धीर सोडू नका. नेहमीच्या मात्रेवर असलेल्या मुलाला आठवडाभर गोळी मिळाली नाही म्हणून जिवाला धोका होत नाही. चंचलपणा परत येईल, एक-दोन दिवस पोर सुस्त किंवा चिडचिडं राहील. नंतर गोळी मिळाल्यावर राहिलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन-दोन देऊ नका. मध्ये बरेच दिवस गेले असतील तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

एवढं बदलूनही गोळी मानवली नाही, तर अ‍ॅटोमॉक्सेटिनसारखी उत्तेजक नसलेली औषधं आहेत. ती लागू व्हायला काही आठवडे लागतात आणि त्यांचे त्रास वेगळे असतात. मधल्या काळात मनात काही शंका आली तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा फुकटचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न : माझ्या मित्राला एडीएचडीसाठी गोळी चालू आहे. ती घेतल्यावर अभ्यासात लक्ष लागतं म्हणतो. बारावीच्या परीक्षेपुरती त्याच्याकडून घेतली तर चालेल का?
— एक विद्यार्थी, पोलादपूर

उत्तर : नाही. तुझा प्रश्न नवा नाही. 1937 साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी डोकेदुखी कमी व्हावी म्हणून काही मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं. डोकेदुखी राहिली, पण काहींचा अभ्यास एकदम सुधारला, आणि ती मुलं या औषधाला ‘गणिताच्या गोळ्या’ म्हणू लागली. अशा गोळ्यांनी कुणाचंही लक्ष काही तास टिकतं, हे खरं आहे. पण न वाचलेला धडा त्यांनी येत नाही, आणि वाचलेला धडा पक्का करणारी रात्रीची झोप त्या हिरावून घेतात. परीक्षेच्या आठवड्यात हा सौदा तोट्याचा आहे. शिवाय तुझं हृदय, तुझा रक्तदाब कुणी तपासलेला नाही. मित्राची मात्रा त्याच्यासाठी ठरवलेली आहे, आणि तू घेशील तेवढे दिवस तो औषधाविना राहील. चिठ्ठीशिवाय ही गोळी जवळ बाळगणं अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं. तुला देणाऱ्या मित्रालाही तोच कायदा लागू आहे. अभ्यासात लक्ष लागत नाही ही तक्रार लहानपणापासूनची असेल तर आई-वडिलांना घेऊन स्वतः डॉक्टरांकडे जा. नुसती परीक्षेची धास्ती असेल, तर वर दिलेला 14416 तुझ्यासाठीही आहे.